घोड्याचं दुखणं ओळखताना

पायाची शस्त्रक्रिया झालेले वीस घोडे दवाखान्यात बरे होत होते आणि त्यांच्या ठाणावर कॅमेरे लावलेले होते. एकटे असताना हे घोडे दुखऱ्या पायावरचा भार काढून घेत, मान वळवून मागे बघत, पुन्हापुन्हा उभं राहण्याची ढब बदलत. देखभाल करणारा माणूस आत आला की हे सगळं कमी होई. दुखण्याच्या खुणा सरासरी तीन-चतुर्थांशाच्या आसपास घटत. काही घोड्यांत त्या पूर्णच थांबत. माणूस गेला की पुन्हा सुरू. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी हे निरीक्षण २०२० साली प्रसिद्ध केलं.

घोड्याच्या दुखण्याची सगळी अडचण या निरीक्षणात आली. दुखणं तपासायला आपण जवळ जातो आणि आपण जवळ गेलो की घोडा ते झाकतो. कुत्रं केकाटतं, गाय हंबरते. घोडा बहुतेक वेळा गप्प राहतो. मोकळ्या माळावर कळपानं जगणाऱ्या या प्राण्याच्या मागे लाखो वर्षं लांडगे आणि मोठी मांजरं लागलेली होती. शिकारी कळपातला लंगडणारा, मागे पडणारा जीव हेरतो. ज्याला आपलं दुखणं लपवता आलं तो वाचला, आणि त्याचीच पिल्लं पुढे आली. आजच्या घोड्याला लांडगा दिसत नाही, पण अंगी मुरलेली सवय गेलेली नाही.

त्यात आपल्याकडे घोड्याच्या वागण्याला चटकन नावं ठेवली जातात. खोगीर चढवताना चावायला आला की तो खोडकर, चढावर थांबला की अडेल, मान झटकत राहिला की मस्तवाल. यातली बरीच वागणूक म्हणजे दुखण्याची तक्रार असते. घोड्याला दोष देण्याआधी त्याचं दुखणं तपासावं, एवढंच या लेखाचं सांगणं आहे. ते कसं तपासावं, हे मात्र शिकावं लागतं.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३.४ लाख घोडे आणि तट्टं मोजली गेली. आधीच्या गणनेच्या तुलनेत ही संख्या जवळजवळ निम्म्यावर आली आहे. तरीही महाराष्ट्रात घोडा कामावरच आहे. माथेरान-महाबळेश्वरला तो पर्यटक वाहतो, किनाऱ्यावर मुलांना फेरी मारून आणतो, लग्नात नवरदेवाला मिरवतो, मुंबई-पुण्याच्या शर्यतीत धावतो आणि धनगरांच्या वाड्यात बिऱ्हाड पाठीवर घेऊन रानोमाळ चालतो. सारंगखेड्याच्या यात्रेत त्याची चाल, रंग, भोवरे पारखून किंमत ठरते. घोडा पारखण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. तीच नजर दुखणं पारखायलाही वापरता येते.

आधी निरोगी घोडा ठाऊक हवा

दुखणं ओळखायचं तर आपला घोडा बरा असताना कसा असतो, हे पाठ हवं. विश्रांतीला उभा असलेला घोडा मागचा एक पाय ढिला सोडून टोकावर टेकवतो, थोड्या वेळानं पाय बदलतो. यात काळजीचं काही नाही. पुढचा पाय मात्र तो असा सैल सोडत नाही. पुढचा पाय समोर सरकवून उभा असेल, तर त्या पायात काही तरी दुखतं आहे.

घोडा उभ्यानं डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ आडवं पडावंच लागतं. ज्याचे सांधे किंवा पाठ दुखते तो बसायला आणि उठायला धजत नाही. मग झोपेची थकबाकी साठत जाते, उभ्या उभ्या डोळा लागतो आणि पुढचे पाय मुडपून तो खाली जातो. पुढच्या पायाच्या सांध्यावर समोरून खरचटल्याच्या जुन्या-नव्या खुणा दिसल्या, तर तो रात्री बसतो का, याची चौकशी करावी. अंगाला चिकटलेलं गवत, मातीचे डाग यांवरून ते कळतं.

काही आकडे प्रत्येक घोडेवाल्याला तोंडपाठ असावेत. विश्रांतीच्या वेळी मोठ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, आणि ताप मोजला तर ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. नाडी जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवरून जाणाऱ्या धमनीवर बोटं ठेवून मोजतात. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की झालं. हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटानं दाबून सोडली की पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हे सगळं घोडा बरा असताना चार-सहा वेळा करून ठेवलं, तर आणीबाणीच्या रात्री हात चाचपडत नाहीत.

चेहरा काय सांगतो

घोड्याच्या चेहऱ्यावर भाव नसतात, असं अनेकांना वाटतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली घोड्याच्या चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची तपशीलवार नोंद केली, तेव्हा त्यांना १७ वेगवेगळ्या हालचाली सापडल्या. माणसात त्या २७ आहेत आणि चिंपांझीत १३. म्हणजे चेहऱ्यानं बोलण्याच्या बाबतीत घोडा चिंपांझीच्याही पुढे आहे; आपल्याला ते बोलणं कळत नव्हतं, इतकंच.

त्याच्या एक वर्ष आधी, २०१४ साली, इटलीतल्या मिलान विद्यापीठाच्या पुढाकारानं दुखणाऱ्या घोड्याच्या चेहऱ्याची मोजपट्टी तयार झाली. खच्ची करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या घोड्यांचे आधीचे आणि नंतरचे चेहरे शेजारी ठेवून संशोधकांनी सहा खुणा निवडल्या. कान ताठरून मागे वळलेले. पापण्या आवळून डोळा अर्धवट मिटल्यासारखा. डोळ्याच्या वरचा भाग ताणलेला, त्यामुळे तिथलं हाड उठून दिसतं. गालाचे चावण्याचे स्नायू घट्ट होऊन वर आलेले. ओठ आवळलेले आणि हनुवटी टणक गोळ्यासारखी. नाकपुड्या ताणलेल्या. प्रत्येक खुणेला शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. बेरीज जास्तीत जास्त बारा. औषध दिल्यावर बेरीज उतरली का, हेही यावरून कळतं.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगन विद्यापीठातही याच सुमारास स्वतंत्रपणे काम झालं. निरोगी घोड्यांना थोड्या वेळापुरतं, मर्यादित दुखणं देऊन त्यांचे चेहरे चित्रित केले गेले. तिथं दिसलेल्या खुणा मिलानच्या खुणांशी बऱ्याच जुळतात: खाली झुकलेले किंवा एक इकडे एक तिकडे वळलेले कान, डोळ्याच्या वर त्रिकोणी घडी, आत ओढल्यासारखी स्थिर नजर, चौकोनी दिसणाऱ्या नाकपुड्या.

या खुणा वापरताना दोन पथ्यं पाळावी लागतात. पहिलं म्हणजे एका खुणेवरून निकाल देऊ नये. रागावलेला घोडाही कान मागे टाकतो, पण ते मानेला चपटे चिकटतात आणि क्षणात परत येतात. दुखण्यात दोन कानांमधलं अंतर वाढतं आणि ते तसेच राहतात. पेंगणाऱ्या घोड्याचे डोळेही अर्धवट मिटतात, पण त्याचे ओठ सैल लोंबतात; दुखणाऱ्याचे आवळलेले असतात. दुसरं पथ्य म्हणजे लांबून बघावं. दहा-पंधरा पावलांवर, शक्य तर आडोशाला, दोन-चार मिनिटं नुसतं उभं राहावं. मोबाइल एका जागी ठेवून चित्रण केलं तर आणखी चांगलं. घोडेवाल्याच्या खिशात आज मोबाइल असतोच, आणि त्याचा इतका मोलाचा उपयोग दुसरा क्वचितच असेल.

पोट: जिथं तास मोजावे लागतात

घोड्याच्या दुखण्यांत सगळ्यात भीतीदायक पोटशूळ. त्याची कारणं घोड्याच्या शरीररचनेतच आहेत. घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं बाहेर येत नाही. जठर फुगलं तर फुटू शकतं. लहान आतडं वीस मीटरच्या आसपास लांब आणि सैल टांगलेलं, म्हणून ते पिळलं जाऊ शकतं. मोठं आतडं प्रचंड, पण पोटात दुमडून बसवलेलं. एका वळणावर ते एकदम अरुंद होतं आणि कोरडा चारा नेमका तिथं अडकतो.

पोट दुखणारा घोडा पुढच्या पायानं जमीन खरवडतो, वळून कुशीकडे बघतो, मागच्या पायानं पोटावर लाथ मारतो, वरचा ओठ उचलतो, लघवीला उभं राहिल्यासारखं अंग ताणतो, बसतो-उठतो, लोळतो, घामानं भिजतो. पण सुरुवात यापेक्षा मुकाट असते. चंदी अर्धी सोडली, लीद नेहमीपेक्षा कमी किंवा सुकी पडली, नेहमीच्या वेळी आडवा न होणारा घोडा आडवा पडला: यातली एक गोष्टही दिसली तरी घोड्यावर लक्ष ठेवावं. कुशीला कान लावला तर निरोगी पोट सतत गुरगुरतं. पूर्ण शांत पोट धोक्याचं. नाडी साठच्या वर गेली, हिरड्या फिक्या, लालभडक किंवा जांभळट झाल्या, तर एक मिनिटही दवडू नये.

एक गोष्ट विशेष जपून लक्षात ठेवावी. जोरजोरात लोळणारा घोडा अचानक शांत झाला की घरच्यांना हायसं वाटतं. पण अंग गार, घाम सुटलेला, नाडी धावती आणि नजर हरवलेली असेल, तर ती शांतता बरं वाटल्याची नसते. जठर किंवा आतडं फुटलं की आतला ताण सुटतो आणि वेदना थोडा वेळ ओसरते. दुखणं थांबलं की नाही, हे वागण्यावरून ठरवू नये. नाडी आणि हिरडी बघून ठरवावं.

डॉक्टर येईपर्यंत काय करावं? दाणा-वैरण समोरून काढून घ्यावी. शेवटची लीद केव्हा पडली, काल-आज खाण्यात काय बदल झाला, नाडी किती, हे लिहून ठेवावं. घोडा लोळायला बघत असेल तर मऊ जमिनीवर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवावं. तासन् तास फिरवून दमवू नये. तो शांतपणे पडून असेल तर पडू द्यावा. आणि बाटलीनं किंवा नळीनं तोंडात तेल, काढा, सोडा ओतू नये. डोकं वर धरून ओतलेलं तेल घोड्याच्या फुप्फुसात जाऊ शकतं, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया पोटशुळापेक्षा जीवघेणा ठरतो. डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालतात ती याच कारणासाठी: औषध योग्य जागी पोचतं आणि उलटी न करता येणाऱ्या जठरातला ताण त्या वाटेनं बाहेर काढता येतो.

बरेचसे पोटशूळ वेळेवर उपचार मिळाला तर औषधानं बरे होतात. ते टाळणंही बरंच आपल्या हातात आहे. खाणं एकदम बदलू नये, आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावं. चंदी थोडी थोडी, वैरण जास्त. पाणी सतत समोर. वाळूवर किंवा कचऱ्याशेजारी चारा टाकू नये. वाळू आणि प्लॅस्टिक दोन्ही पोटात साठतात. जंतांचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

पाय आणि खूर

लंगडणं ओळखायची एक जुनी, खात्रीची रीत आहे. घोड्याला कडक, सपाट जमिनीवर सैल दोरीनं दुडकी चालीत समोरून पळवत आणावं आणि त्याच्या डोक्याकडे बघावं. पुढचा दुखरा पाय जमिनीवर पडला की डोकं वर जातं. चांगला पाय पडला की खाली येतं. मागच्या पायाचं दुखणं असेल तर पाठमोरं उभं राहून पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू बघाव्या. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वर-खाली होते. टापांचा आवाजही ऐकावा. दुखऱ्या पायाची टाप हलकी वाजते.

दुखणं बहुतेक वेळा खुरात असतं. कालपर्यंत बरा असलेला घोडा आज पाय टेकवतही नाही, असं झालं की पाय मोडला अशी भीती वाटते. पण खुरात पू झाला तरी असंच होतं. नाल काढून, खूर साफ करून पशुवैद्यकानं तो पू वाहता केला की आराम पडतो.

खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी जोडणाऱ्या पापुद्र्यांची सूज हा मात्र फार वाईट आजार. घोडा पुढचे पाय समोर टाकून, भार मागे घेऊन, खडकावर उभा असल्यासारखा उभा राहतो, वळताना कुरकुरतो. खूर गरम लागतात आणि खुराच्या वरच्या सांध्याशी, मागच्या दोन्ही कडांना, नाडी ठणकताना बोटांना जाणवते. दाण्याचं पोतं फोडून घोड्यानं पोटभर धान्य खाल्लं, घोडी व्याल्यावर वार अडकली, कडक रस्त्यावर फार दौड झाली, यातलं काहीही कारण पुरतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत खुरांना बर्फाचा शेक, खाली वाळूचा किंवा भुशाचा जाड थर आणि पूर्ण विश्रांती मिळाली, तर खूर वाचण्याची आशा असते. उशीर झाला तर आतलं हाड खाली फिरतं आणि ते पुन्हा जागेवर आणणं फार अवघड होतं.

एका पायाचं दुखणं दुसऱ्या पायावर कसं येतं, याचं उदाहरण बार्बारो या घोड्याचं. २००६ ची केंटकी डर्बी जिंकल्यावर दोनच आठवड्यांत शर्यतीत त्याचा मागचा पाय मोडला. पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्याच दवाखान्यात हाड जोडलं गेलं, महिनोन् महिने शर्थ झाली. पण भार वाहून वाहून दुसऱ्या खुरांना हीच पापुद्र्यांची सूज आली आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. दुखऱ्या पायाचं दुखणं वेळीच कमी करणं हा दयेचा भाग आहेच. बाकीचे तीन पाय वाचवायचे तर ते करावंच लागतं.

खोडी म्हणजे काय असतं

घोड्याच्या दाढा जन्मभर वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर. चघळून त्या झिजतात, पण सारख्या झिजत नाहीत. वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड धारदार होते आणि गाल, जीभ कापत राहते. असा घोडा लगाम तोंडात घेताना डोकं उडवतो, एका बाजूला वळत नाही, अर्धवट चघळलेले गवताचे बोळे खाली टाकतो, लिदीत अख्खे दाणे दिसतात. त्याला चाबूक दाखवून उपयोग काय? वर्षातून एकदा दाढा तपासून घासून घेणं हाच उपाय.

खोगिराचंही तसंच. भरण दबलेलं, कण्यावर टेकणारं खोगीर रोज तीच जागा दाबतं. काळ्या-तांबड्या घोड्याच्या खांद्यामागच्या उंचवट्यावर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसतात, ती जुन्या जखमांची किंवा दाबाची नोंद असते. तंग आवळताना घोडा चावायला येत असेल तर पाठ, छाती आणि जठर यांपैकी काय दुखतं ते शोधावं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवतं, खाणं असो वा नसो. तासन् तास उपाशी उभ्या ठेवलेल्या आणि फक्त चंदीवर जगणाऱ्या घोड्याला जठरव्रण सहज होतात.

ब्रिटनमधल्या पशुवैद्यक सू डायसन यांनी स्वारीखालच्या घोड्याच्या २४ वागणुकींची यादी २०१८ साली मांडली: कान बराच वेळ मागे, शेपूट सतत फटकारणं, तोंड वारंवार उघडणं, जीभ बाहेर, डोकं उडवणं, ठेचकाळणं, पुढे जायला नकार, मागच्या पायांवर उभं राहणं. त्यातल्या आठ किंवा अधिक दिसल्या तर घोड्याच्या हाडा-स्नायूंत दुखणं असण्याची शक्यता मोठी. सगळ्यात बोलका भाग पुढचा आहे. याच घोड्यांचे दुखरे भाग सुई देऊन बधिर केले तेव्हा, घोडा तोच, स्वारही तोच असताना, या वागणुकी घटल्या. स्वभाव सुई दिल्यानं बदलत नाही. बदललं ते दुखणं.

म्हणूनच लग्नाच्या वरातीसाठी घोड्याच्या तोंडात काटेरी लगाम घालणं ही क्रूरता आहे. कायद्यानंही तो चालत नाही. ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी काटेरी लगाम आणि काटेरी काठी दोन्हींवर बंदी घातलेली आहे.

उपचार: आधी कारण, मग औषध

दुखणं कमी करण्याचं पहिलं औषध म्हणजे कारण दूर करणं. खोगीर बदलणं, खूर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून कापून घेणं, नाल वेळेवर बदलणं, दाढा घासणं, कामाला सुट्टी देणं. सुजलेल्या पायावर पहिले दोन-तीन दिवस थंड पाण्याची धार दिवसातून काही वेळा धरावी; साधा आणि चांगला उपाय आहे. पायाची नस, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, तुटलेल्या घोड्याला बरं व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं. सूज उतरली म्हणजे नस भरून आली, असं नसतं.

आपल्याकडे अजून काही ठिकाणी अशा पायाला डाग देतात. तापल्या लोखंडानं नस बरी होत नाही. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात यावर सविस्तर काम केलं आणि डागण्याचा फायदा त्यांना आढळला नाही. डाग दिल्यावर घोडा बरा होतो तो सक्तीच्या विश्रांतीमुळे. मग नुसती विश्रांतीच द्यावी. दुखण्यावर दुसरं दुखणं कशाला?

औषधांत फ्लुनिक्झिन, फिनाइलब्युटाझोन आणि मेलोक्सिकॅम ही नावं घोडेवाल्यांच्या ओळखीची आहेत. सूज आणि वेदना वाढवणारी रसायनं शरीरात तयार होऊ न देणं, हे त्यांचं काम. पण तीच रसायनं जठराचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. त्यामुळे मात्रा वाढली, दिवस वाढले, किंवा घोड्याच्या अंगात पाणी कमी असताना औषध दिलं, तर जठर आणि आतड्यात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. या गटातली दोन औषधं एकाच वेळी देऊ नयेत. फिनाइलब्युटाझोनचं इंजेक्शन शिरेबाहेर गेलं तर तिथलं मांस सडतं. म्हणून मात्रा, वेळ आणि सुई या तीनही गोष्टी डॉक्टरांच्या हातात राहू द्याव्या. औषधानं दुखणं दाबून घोडा त्याच दिवशी कामाला जुंपणं तर फारच वाईट: दुखऱ्या पायाला जपायला सांगणारी जाणीव गेली की अर्धी तुटलेली नस पूर्ण तुटते. शर्यतींत वेदनाशामकांवर कडक निर्बंध असतात त्यामागे हेही एक कारण आहे.

वेदनाशामक निवडताना आणखी एका जिवाचा विचार करावा लागतो. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक त्यांच्या मृतदेहातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली, आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. भारतानं २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केलं. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. मेलोक्सिकॅम गिधाडांना अपाय करत नाही. माणसाच्या औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक आणून घोड्याला टोचणारा माणूस आपल्या घोड्यालाही धोक्यात घालतो आणि सह्याद्रीच्या कड्यांवर उरलेल्या गिधाडांनाही.

काही दुखणी बरी होत नाहीत. फिरलेलं खुराचं हाड, तुकडे झालेला पाय, फुटलेलं आतडं. अशा वेळी पशुवैद्यकाच्या हातून वेदनारहित मरण देणं हा उपचाराचाच शेवटचा भाग आहे, आणि प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यात त्याला जागा आहे. म्हातारा, लंगडा घोडा रस्त्यावर सोडून देणं ही दया नव्हे.

गाढव आणि खच्चर

घोड्याविषयी जे सांगितलं ते गाढवाला अधिकच लागू पडतं. वीटभट्टीवर, वाळूच्या ओझ्याखाली राबणारं गाढव घोड्यापेक्षाही जास्त दुखणं झाकतं. पोटशूळ झालेला घोडा लोळेल. गाढव बहुतेक वेळा नुसतं मान खाली घालून उभं राहील आणि खाणं सोडेल. खाणं सोडलेलं, मलूल गाढव म्हणजे आणीबाणी समजावी. ओझ्याचीही मर्यादा नियमांत आहे: पाठीवर वाहायला गाढवाला ५० किलो, तट्टाला ७०, खच्चराला २००. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांनंतर विश्रांती हवी, आणि पारा ३७ अंशांवर जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही.

तोटा कोणी सोसायचा?

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की दोष घोडेवाल्याचा आहे. तसं मला वाटत नाही. घोड्याच्या सगळ्यात जवळ तोच असतो, आणि रोज खरारा करणारा हात दुखणं यंत्राच्या आधी ओळखतो. पण घोडा ठाणावर ठेवला की त्या दिवसाची चूल कशी पेटायची, हा त्याचा खरा प्रश्न असतो. हंगाम चार महिन्यांचा, चाऱ्याचे दर वाढलेले, घोड्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यक तालुक्यातही मिळेलच असं नाही. अशा वेळी लंगडणारा घोडा खोगीर चढवून बाहेर निघतो तो हौसेनं नव्हे.

म्हणून दुखणाऱ्या घोड्याच्या विश्रांतीचा खर्च एकट्या घोडेवाल्याच्या माथी राहू नये. जिथं घोड्यावर पर्यटन चालतं त्या गावांनी खूर, दाढा आणि खोगीर तपासणारी शिबिरं हंगामाच्या आधी भरवावीत. आजारी घोड्यामागे काही दिवसांचा आधार देणारा निधी उभारावा. नालबंदांना प्रशिक्षण द्यावं. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो प्रत्येक तबेल्याच्या भिंतीवर लिहिलेला असावा. आणि घोड्यावर बसणाऱ्यांनी, वरातीला घोडा आणणाऱ्यांनी पैसे देण्याआधी एकदा त्याच्या पायांकडे, पाठीकडे आणि चेहऱ्याकडे बघावं. डोकं वरखाली होत असेल, तंगाखाली जखम असेल, कान मागे आणि ओठ आवळलेले असतील, तर दुसरा घोडा मागावा, आणि जमलं तर पहिल्याच्या एका फेरीचे पैसेही द्यावेत. तोटा असा वाटून घेतला, तरच दुखणारा घोडा ठाणावर ठेवणं घोडेवाल्याला परवडेल.